केळीच्या सालीने निकेल पकडलं, बरं मग पुढे?

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेजं सुरू झाली की माझ्या फोनवर एक ठराविक मेसेज यायला लागतो. "मॅम आम्हाला फायनल इयरला प्रोजेक्ट करायचाय, केळीच्या सालीने हेवी मेटल काढायचा, तुमच्या ओळखीच्या प्लेटिंगवाल्याकडून थोडं पाणी मिळेल का?" केळीच्या जागी कधी शेंगांची टरफलं असतात, कधी भाताचं तूस, चिंचोके, नारळाचा काथ्या, आणि पोरं नागपूरकडची असली की संत्र्याची साल ठरलेलीच. मी नाशिकला प्लेटिंगच्या, म्हणजे वस्तूंवर निकेल-क्रोमचा मुलामा देणाऱ्या, छोट्या छोट्या युनिट्सचे ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायचे प्लांट) बघते, त्यामुळे पाणी मिळवून द्यायला काही अडचण नसते, देतेच. पण पाणी देताना जे तासभर बोलत बसते ते एकदा इथे लिहून टाकते म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

आधी हे सांगते की साल धातू पकडते, यात खोटं काही नाहीये. फळांच्या सालीत पेक्टिन असतं, समुद्रातल्या तपकिरी शेवाळात अल्जिनेट असतं, या दोघांत कार्बोक्झिल ग्रुप (धातू धरणाऱ्या रासायनिक जागा) खच्चून भरलेले असतात. बॅक्टेरियाच्या पेशीभिंतीत त्यांच्या जोडीला फॉस्फेट, कोळंबीच्या टरफलापासून कायटोसान बनवलं तर त्यात अमाइन. हे ग्रुप आपला हायड्रोजन किंवा कॅल्शियम सोडतात आणि त्या जागी शिसं, तांबं, निकेल, कॅडमियम धरून बसतात. यासाठी तो जीव जिवंत असायची गरजच नाही, मेलेला, वाळवलेला, दळलेला चालतो आणि खरं तर तोच बरा, कारण त्याला खायला घालावं लागत नाही आणि प्लेटिंगच्या विषारी पाण्यात टाकला तरी अजून काय मरणार. याला बायोसॉर्प्शन म्हणतात. आपल्या कोकण-गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावर सरगॅसम नावाचं जे तपकिरी शेवाळ मिळतं ते या कामात भल्याभल्यांना मागे टाकतं, शिसं तर एका ग्रॅमला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास धरल्याचे रिपोर्ट आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या लोकांनी तर बॅक्टेरियाने युरेनियम पकडण्यावर काम केलंय. तेव्हा विज्ञान पक्कं आहे, त्याबद्दल वाद नाही.

पीएचचं मात्र नीट समजून घ्या. पाणी जास्त आम्ल असलं की पाण्यातले हायड्रोजन आयन त्याच जागांसाठी भांडायला येतात आणि संख्येने ते इतके असतात की निकेलला जागाच मिळत नाही. पीएच ५-६ च्या आसपास बरं चालतं. त्याच्या खूप वर गेलात तर धातू स्वतःच हायड्रॉक्साइड होऊन खाली बसायला लागतो आणि मग तुम्ही समजता सालीने पकडला, तो तर बीकरच्या तळाशी बसलेला असतो. पीएच ९ ला "९८ टक्के रिमूव्हल" असा ग्राफ दिसला की मी पहिल्यांदा विचारते, साल न टाकता नुसतं पाणी ठेवून बघितलंत का? बहुतेक वेळा नाही असंच उत्तर येतं.

आता क्रोमियम. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो म्हणून जरा सविस्तर सांगते.

प्लेटिंगच्या पाण्यातलं क्रोमियम दोन रूपात असतं. हेक्साव्हॅलंट म्हणजे सहा वालं, पिवळं, विषारी, कॅन्सर करणारं, आणि ट्रायव्हॅलंट म्हणजे तीन वालं, हिरवट, त्या मानाने गरीब. सहा वालं पाण्यात क्रोमेट म्हणून फिरतं, म्हणजे त्याच्यावर ऋण भार असतो, त्यामुळे ते कार्बोक्झिलला चिकटणारच नाही, त्याला पीएच २ लागतो. म्हणून सगळ्या पेपरमध्ये क्रोमियमचा प्रयोग पीएच २ ला केलेला दिसेल. पोरं पिवळ्या पाण्यात साल टाकतात, शेकरवर रात्रभर ठेवतात, सकाळी गाळतात आणि डायफेनिलकार्बाझाइडची टेस्ट लावतात. सहा वालं क्रोमियम असेल तर थेंब पडल्या पडल्या मस्त जांभळट लाल रंग येतो, ५४० नॅनोमीटरला रीडिंग घ्यायचं. इथे रंगच येत नाही. पाणी कोरं. मग काय, ९९ टक्के रिमूव्हल, आनंदीआनंद, पोस्टरवर हिरव्या अक्षरात.

अहो पण ती टेस्ट फक्त सहा वालंच दाखवते! पीएच २ ला साल काय करते, तर तिच्यातली टॅनिनं, फिनॉलं, साखरा स्वतः जळतात म्हणजे ऑक्सिडाइज होतात आणि सहा वाल्याचं तीन वालं करून ठेवतात. आणि ते तीन वालं धन भाराचं असल्यामुळे पीएच २ ला त्याला चिकटायला जागा नसते, बराचसा भाग तसाच पाण्यात तरंगत राहतो. क्रोमियम कुठेही गेलेलं नसतं. नुसता वेष बदललेला असतो. टोटल क्रोमियम एएएसवर (धातू मोजायचं यंत्र) मोजलं, किंवा एएएस नसेल तर पाणी आधी परमँगनेटने ऑक्सिडाइज करून मग तीच जांभळ्या रंगाची टेस्ट लावली, की हरवलेलं क्रोमियम बरंचसं परत हजर होतं. हे मी शोधून काढलेलं नाहीये, कोरियातल्या संशोधकांनी वीसेक वर्षांपूर्वीच व्यवस्थित दाखवून दिलंय की इतकी वर्षं ज्याला आपण ॲडसॉर्प्शन म्हणजे चिकटणं म्हणत होतो ते बरंचसं रिडक्शन म्हणजे सहाचं तीन होणं होतं. तरी आजही नवे पेपर निघतात त्यात टोटल क्रोमियम मोजलेलंच नसतं. आपला नियम दोन्ही बघतो, सहा वालं ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि टोटल २ मिलिग्रॅम. पहिल्यात पास होऊन दुसऱ्यात सपशेल नापास अशी गत.

आणि सहा वाल्याचं तीन वालं करणं हे काम तर आमचा ऑपरेटर रोज करतो. टाकीत ॲसिड घालून पीएच दोन-अडीचला आणतो, सोडियम मेटाबायसल्फाइटची पावडर टाकतो, नाकात झणझणीत गंधकाचा वास जातो, आणि बघता बघता पिवळं पाणी मळकट हिरवं होतं. मग कॉस्टिक किंवा चुना, पीएच साडेआठ, हिरवा गाळ खाली बसतो, फिल्टर प्रेसमधून केक निघतो. अर्ध्या तासाचं काम. जे सालीला रात्रभर लागतं.

गंमत बघा, या कामात सगळ्यात जोरात चालणाऱ्या गोष्टींपैकी एक म्हणजे बाभळीची साल, तिच्यात टॅनिन भरपूर. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं कातडं पूर्वापार बाभळीची साल आणि हिरडा यांनीच कमावतात. जगभर क्रोमने कातडं कमवायची पद्धत आली आणि टॅनरीच्या पाण्यात क्रोमियम आलं, आणि आता ते क्रोमियम काढायला प्रयोगशाळेत परत बाभळीची साल. असो.

आता जरा हिशोब करू, कारण कुठल्याही प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मला हा हिशोब दिसत नाही. समजा एक छोटं निकेल प्लेटिंगचं युनिट आहे, रोजचं धुण्याचं पाणी १०,००० लिटर, त्यात निकेल २० मिलिग्रॅम प्रति लिटर. म्हणजे रोज २०० ग्रॅम निकेल. सालीची क्षमता एका ग्रॅमला २० मिलिग्रॅम धरू, आणि हे मी उदार होऊन धरतेय कारण पेपरमधला जो मोठा आकडा असतो तो लिटरला ५०० मिलिग्रॅम धातूच्या दाट पाण्यात काढलेला असतो, पातळ पाण्यात तो निम्माअर्धाही भरत नाही. तर २०० ग्रॅम निकेलला रोज १० किलो कोरडी साल लागली. ताज्या सालीत ८०-९० टक्के पाणीच असतं, म्हणजे रोज ५० ते १०० किलो ताजी साल आणायची, धुवायची, वाळवायची, दळायची, चाळायची. पावसाळ्यात नाशिकला वाळवून दाखवा. आणि संध्याकाळी ती १० किलो साल, ओली झाल्यावर दुप्पट-तिप्पट वजनाची, निकेल खाऊन बसलेली, हातात. तेच निकेल कॉस्टिकने खाली बसवलं तर कोरडा हायड्रॉक्साइड सव्वातीनशे ग्रॅमच्या आत, प्रेसमधून निघालेला ओला केक साधारण किलो-दीड किलो.

म्हणजे "इको फ्रेंडली" पद्धतीने घातक कचरा किती पटीने वाढला बघा. कारण निकेल धरलेली साल ही आता केळीची साल राहिलेली नाही. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांखाली ती ईटीपी स्लजच्याच रांगेत जाऊन बसते, गोणीत भरा, लेबल लावा, मॅनिफेस्ट भरा, आणि रांजणगाव नाहीतर तळोज्याच्या घातक कचऱ्याच्या साइटवर किलोच्या दराने पैसे मोजून पाठवा. जाळून टाकू म्हणणारे पण भेटतात. जाळलं तर धातू जळत नाही, राखेत राहतो, आणि क्रोमियमवाली साल चुन्यासकट मोकळ्या हवेत भाजली तर तीन वाल्याचं परत सहा वालं व्हायला लागतं. मग सुरुवातीपासून सगळं पुन्हा.

खत करू म्हणणाऱ्यांना हात जोडते. जलपर्णीच्या बाबतीत हे सर्रास ऐकू येतं, नदीतली जलपर्णी धातू शोषते म्हणून कौतुक करायचं आणि दुसऱ्या परिच्छेदात तिचं गांडूळखत करून शेतकऱ्यांना वाटायचं. अरे शोषलेलं गेलं कुठे? मुळांतच आहे ना? एमआयडीसीच्या खालच्या अंगाला वाढलेली जलपर्णी आधी तपासल्याशिवाय कोणाच्या भाजीच्या वाफ्यात घालू नये, एवढंच.

दुसरी एक अडचण पेपरमध्ये दिसत नाही पण आमच्याकडे पहिल्याच दिवशी दिसते. कच्ची साल पाण्यात टाकली की पाणी चहासारखं होतं. साखर, रंग, टॅनिन सगळं सुटतं आणि सीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) चढतो. निकेल कमी झालं पण सीओडी २५० च्या लिमिटच्या वर गेला तर प्रदूषण नियंत्रण बोर्डाच्या सॅम्पलमध्ये काय सांगणार? म्हणून साल आधी ॲसिडने किंवा अल्कलीने धुवून घेतात, कोणी फॉर्मल्डिहाइड लावून पक्की करतात, आणि मग ते धुतलेलं पाणी, त्याचा खर्च, त्याचं ट्रीटमेंट, हे "लो कॉस्ट" मध्ये कुठे मोजलेलंच नसतं.

शिवाय खरं पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवलेलं निकेल सल्फेट नव्हे. त्यात ब्राइटनर असतो, वेटिंग एजंट असतो, डीग्रीसिंगचं तेल असतं, पिकलिंगमधून आलेलं लोखंड असतं, बोअरचं पाणी असेल तर कॅल्शियम-मॅग्नेशियम ढीगभर, आणि ही सगळी मंडळी त्याच कार्बोक्झिलच्या खुर्च्यांवर येऊन बसतात. इलेक्ट्रोलेस निकेलच्या पाण्यात सायट्रेट, झिंक-निकेलवाल्याकडे अमाइन, यांनी धातूला असं मिठीत धरलेलं असतं की तो ना चुन्याने खाली बसत ना सालीला चिकटत.

मग अडकलेला धातू ॲसिडने सोडवून साल परत वापरायची, हे उत्तर बरोबर आहे, आणि माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. पकडणं सोपं, सोडवून घेऊन त्याचं काहीतरी करणं अवघड. थोड्या आम्लात साल धुतली की पंधरा-वीस लिटर पाण्यात दाट निकेल हातात येतं, हे दिसायला फार छान दिसतं. पण चार-सहा फेऱ्यांत साल मऊ पडून लगदा होते, कॉलम (साल भरलेली उभी नळी, जिच्यातून पाणी सोडतात) चोक होतो. आणि ते दाट निकेल घ्यायचं कोणी? मी आमच्या एका शेठना विचारलं होतं, असं काढून दिलं तर टाकीत परत घ्याल का. ते म्हणाले, "मॅडम, टाकीत तेलाचा थेंब पडला तरी पिटिंग येतं आणि अख्खा लॉट रिजेक्ट होतो, त्यात आता केळ्याचं शिकरण घालू का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

धातू महाग असेल तर गोष्ट वेगळी. सराफ बाजारातली धूळ आणि गटारातला गाळ धुवून सोनं काढणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहेत, कारण चिमूटभर सोन्यालाही कष्टाचं मोल मिळतं. झिंक आणि क्रोमियमसाठी कोणी झारेकरी बसत नाही. म्हणून सोनं-चांदी-पॅलेडियम असलेल्या पाण्यावर बायोसॉर्प्शन करायचं म्हणाल तर मी कान टवकारीन.

हे सगळं कोणी धंदा म्हणून करून बघितलं नाही असंही नाही. १९८०-९० च्या दशकात अमेरिकेत अल्गासॉर्ब निघालं होतं, क्लोरेला शेवाळ सिलिका जेलमध्ये बसवलेलं. बायोक्लेम निघालं, बॅसिलसच्या पेशींचे दाणे. अमेरिकन ब्युरो ऑफ माइन्सने बायोफिक्स म्हणून मणी केले, पॉलिसल्फोन नावाच्या प्लास्टिकच्या आत पीट मॉस वगैरे कोंबून. कॅनडात मॅकगिल विद्यापीठात बोहुमिल व्होलेस्की यांनी सरगॅसमवर आयुष्य घातलं, आज ज्याला आपण बायोसॉर्प्शनची थिअरी म्हणतो त्यातली बरीचशी त्यांची. तरी बाजारात यातलं काहीच नीट रुजलं नाही. कारण आयन एक्स्चेंज रेझिन (हेच काम करणारे कारखान्यात बनवलेले मणी) समोर उभं होतं, महाग खरं, पण प्रत्येक गोणीत माल सारखाच, क्षमता छापलेली, शेकडो वेळा रीजनरेट होतं. शेवाळाचं तसं नाही, या महिन्याचं वेगळं, पावसाळ्यानंतरचं वेगळं, आणि किनाऱ्यावरून खरवडून आणायला लागलात तर त्यात अंडी घालणाऱ्या माशांचं काय हा प्रश्न आहेच. अलीकडे २०२४ मध्ये एमआयटी आणि जॉर्जिया टेकच्या लोकांनी यीस्ट हायड्रोजेलच्या कॅप्सूलमध्ये भरून पाण्यातलं शिसं काढून दाखवलं, ते मला आवडलं, कारण त्यांनी अडचण बरोबर ओळखली. यीस्ट शिसं धरतं हे आधीच माहीत होतं, ते पाण्यातून परत वेगळं कसं काढायचं हे माहीत नव्हतं. पण तेही पिण्याच्या पाण्यातल्या अगदी थोड्या शिशाचं काम आहे, आमच्या हौदाचं नाही.

जिथे जैविक पद्धत मोठ्या प्रमाणावर खरंच चालली ते उदाहरण वेगळ्याच जातीचं आहे, आणि पोरांच्या लिस्टमध्ये ते कधीच नसतं. नेदरलँड्समध्ये बुडेल म्हणून गाव आहे, तिथे झिंकची जुनी रिफायनरी. वर्षानुवर्षांच्या कामाने जमिनीखालचं पाणी झिंक आणि सल्फेटने खराब झालेलं. तिथे १९९२ पासून सल्फेट खाणारे, खरं म्हणजे सल्फेटवर श्वास घेणारे बॅक्टेरिया कामाला लावले. त्यांना इथेनॉल खायला दिलं, ते सल्फेटचं सल्फाइड करतात, सल्फाइड झिंकला धरून झिंक सल्फाइड होऊन खाली बसतं, आणि सल्फाइड हे हायड्रॉक्साइडपेक्षा कितीतरी कमी विरघळतं त्यामुळे पाणी फार स्वच्छ निघतं. उरलेल्या सल्फाइडचं दुसऱ्या टाकीत दुसरे बॅक्टेरिया गंधक करतात. आणि खरी हुशारी पुढे आहे, झिंक सल्फाइड म्हणजे झिंकची जी खनिज माती रिफायनरी एरवी विकत घेते तीच वस्तू. गाळ सरळ भट्टीत परत. गोण्या नाहीत, लँडफिल नाही. घेणारा दारातच उभा होता म्हणून ते जमलं.

आमच्याकडे दहा हजार लिटरच्या युनिटला असा रिॲक्टर बसवणं परवडणार नाही हे मला कळतं, त्यात सल्फाइडचा वायू जीवघेणा, अर्धशिक्षित हेल्परच्या हातात देण्यासारखा नाही. क्रोमियमचं तर पाण्यात सल्फाइड होतच नाही. पण पंचवीस-तीस प्लेटरनी मिळून एकाच ठिकाणी निकेल वेगळं, झिंक वेगळं असं पाणी आणलं तर विचार करण्यासारखं आहे. वेगळं हा शब्द महत्त्वाचा. सगळं एका हौदात मिसळलं की कोणताच धातू कोणाच्या कामाचा राहत नाही, आणि बहुतेक युनिटमध्ये नेमकं तेच होतं, सगळ्या नळ्या एका खड्ड्यात.

सालीला अजिबात जागा नाही असं मी म्हणत नाहीये. मिसळलेल्या पाण्यात क्रोमियम पीएच साडेआठला बसतं, निकेलला दहाच्या वर लागतो, आणि पीएच फार चढवला तर बसलेलं क्रोमियम आणि झिंक परत विरघळायला लागतं. म्हणून मधे कुठेतरी तडजोड करावी लागते आणि थोडं निकेल सुटून जातंच, कधी लिटरला ३ मिलिग्रॅमच्या लिमिटच्या खाली, कधी किंचित वर. तेवढंच शेवटचं निकेल धरायला, चुन्याच्या नंतर, गाळलेल्या पाण्यावर, एक छोटा कॉलम. तिथे रोजचे फार तर तीस-पस्तीस ग्रॅम निकेल, त्यामुळे माल कमी लागतो आणि कचराही कमी.

तेव्हा प्रोजेक्ट करायचाच असेल तर हा करा. प्लेटिंगचं खरं पाणी घ्या, ईटीपीनंतरचं, बीकर आणि शेकर बाजूला ठेवून कॉलम लावा. अल्जिनेटचे मणी घरच्या घरी होतात, सोडियम अल्जिनेट कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब थेंब सोडायचं, साबुदाण्यासारखे दाणे पडतात, त्यात दळलेली साल किंवा यीस्ट मिसळून बघा, निदान लगदा तरी होणार नाही. साल न टाकलेला एक कॉलम सोबत चालवा. निकेलबरोबर सीओडी आणि कॅल्शियम पण मोजा. क्रोमियम करत असाल तर टोटल, टोटल, टोटल. सौम्य ॲसिडने धुवून तोच कॉलम परत परत चालवा आणि प्रत्येक फेरीचा आकडा लिहा, घसरलेला आकडा पण लिहा, परीक्षकाला तो आवडला नाही तरी. शेवटच्या पानावर वापरलेल्या मण्यांचं वजन आणि ते कुठे पाठवणार त्याचा दर.

आणि कोणाचा कॉलम दहाव्या फेरीतही उभा राहिला तर त्या शिकरणवाल्या शेठकडे मी स्वतः घेऊन जाते, एक पिंप आणि पंप त्यांच्या खिशातून काढायचं काम माझं.